पुढे पाच नट, मागे सहा: जुन्या ट्रकच्या चाकांचा पॅटर्न जुळवायचा कसा

जुना अमेरिकन पिकअप कस्टम करायला घेतला की कधी ना कधी ही वेळ येतेच, पुढं पाच नटांचं चाक, मागं सहा नटांचं आणि आपण नवीन रिम हातात घेऊन मधे उभे. कारण साधं आहे, पुढचं सस्पेन्शन एका गाडीतून आलेलं असतं, मागचा एक्सल दुसऱ्याच गाडीतून, आणि त्या दोन कंपन्यांनी काही एकमेकांना विचारून भोकं पाडलेली नसतात. तशी गाडी चालते हो, पण स्टेपनी एकच ठेवता येत नाही, टायर पुढचे मागे फिरवता येत नाहीत आणि एका डिझाइनचे चार रिम शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

पॅटर्न म्हणजे दोन आकडे. पहिला नटांचा, दुसरा स्टडांच्या, म्हणजे ज्या बोल्टांवर चाक बसवून नट आवळतात त्यांच्या, मधोमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ५×४.५ म्हणजे पाच स्टड, साडेचार इंची वर्तुळ. जुन्या ट्रकांच्या कामात चारच व्यास पुन्हा पुन्हा भेटतात, ते मिलिमीटरमध्ये पाठ असलेले बरे: ४.५ म्हणजे ११४.३, ४.७५ म्हणजे १२०.६५, ५ म्हणजे १२७ आणि ५.५ म्हणजे १३९.७.

आता कुणाचं काय ते बघू. शेव्हीचा (शेव्हरोले) अर्ध्या टनाचा पिकअप सी-१० हा १९६० ते १९७० पर्यंत ६×५.५, आणि १९७१ पासून १९८७ पर्यंत टू-व्हील ड्राइव्हवाला ५×५. फोर्ड एफ-१०० चा ५×५.५, आणि तोच पुढं एफ-१५० ला १९९६ पर्यंत राहिला. एफ-१०० खाली लोक सर्रास फोर्डच्याच क्राउन व्हिक्टोरिया या सेडानचं पुढचं सस्पेन्शन घालतात, ते ५×४.५. टू-व्हील ड्राइव्ह एस-१०, जुनी कॅमॅरो, शेव्हेल हे सगळे ५×४.७५. आणि मस्टँग-टू स्टाइलचं किट, ज्याच्यावर निम्मे कस्टम ट्रक उभे आहेत, त्याची मूळ गाडी चार नटांची होती, पण किटवाले मोठा पाच स्टडांचा रोटर (डिस्क ब्रेकची थाळी) देतात आणि ५×४.५ की ५×४.७५ हे ऑर्डर देतानाच विचारतात. तिथं बरेच जण "कुठलाही द्या" म्हणून मोकळे होतात आणि मग मागच्या एक्सलशी भांडत बसतात.

आधी मोजा, आणि नीट मोजा

"ही अमुक सालची आहे म्हणजे अमुकच असणार" यावर जाऊ नका. पन्नास-साठ वर्षं जुन्या ट्रकच्या खाली आधीच्या मालकांनी काय काय घातलंय ते देवालाच ठाऊक. चारही चाकं काढा, स्टडांवरचा गंज वायर ब्रशनं साफ करा, व्हर्नियर घ्या.

सहा स्टड असतील तर सोपं आहे, समोरासमोरच्या दोन स्टडांचं मधापासून मधापर्यंत अंतर म्हणजेच व्यास. स्टडाचा मध्य डोळ्यानं धरायच्या भानगडीत पडू नका, एका स्टडाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच उत्तर येतं.

पाच स्टडांना समोरासमोर स्टडच नसतो, आणि खरी गडबड इथंच होते. बरेच जण एक स्टड सोडून पुढच्या स्टडापर्यंतचं अंतर घेतात आणि तोच व्यास समजतात. आता बघा काय होतं. ५×४.७५ च्या हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एक सोडून एक अंतर येतं ११४.७ मिमी. आणि ५×४.५ चा व्यास आहे ११४.३! म्हणजे तुम्ही पावणेपाचचा हब मोजला आणि साडेचारचे रिम मागवून बसलात. पुढं ऐका, ५×५ च्या हबवर तेच अंतर येतं १२०.८, म्हणजे जवळजवळ पावणेपाचच वाटणार. हे आकडे इतके वाईट जुळून येतात की व्हर्नियर अगदी बरोबर धरला तरी उत्तर चुकतं.

म्हणून पाच स्टडांना शेजारशेजारच्या दोन स्टडांचं अंतर घ्या आणि १.७०१ नं गुणा. ६७.२ आलं तर ४.५, ७०.९ आलं तर ४.७५, ७४.६ आलं तर ५ आणि ८२.१ आलं तर ५.५. एक सोडून एक मोजायचंच असेल तर १.०५१ नं गुणा. मी दोन्ही मोजून ताळा करायला सांगेन, दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक, रिम बसला म्हणजे पॅटर्न जुळला असं नाही. ५×१२० चा रिम ५×४.७५ वर जातो, फरक अवघा ०.६५ मिमी. ५×११५ आणि ५×११४.३ चं पण तसंच. चाक आत सरकतं, नट हातानं लागतात, आवळले की स्टड किंचित वाकून बसतात, नटाची कड एका बाजूलाच टेकते आणि थोडं चालवल्यावर नट ढिले पडायला लागतात. "थोडा ठोकून बसवला" हे वाक्य चाकाच्या बाबतीत ऐकू आलं की तिथून गाडी परत घेऊन यायची.

कुठलं टोक बदलायचं?

माझं मत सरळ आहे. ज्या टोकाचे ब्रेक नाहीतरी बदलायचेत, पॅटर्न त्या टोकाचा बदला. रोटर नवीन घेणारच असाल तर तो कुठल्या भोकांचा घ्यायचा हे तुमच्या हातात आहे, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मागं डिस्क घालायला एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा आतला दांडा) काढणारच असाल तर त्याच वेळी दुसऱ्या पॅटर्नचे शाफ्ट घाला. लोक उलटं करतात, आधी ब्रेक पूर्ण करतात, रंग मारतात, पाइप टाकतात आणि मग रिम बघायला जातात, आणि तिथून पुढं फक्त जुगाड उरतो.

त्याच्याही आधी रिम ठरवा. विकत घ्यायची घाई नको, पण कुठलं डिझाइन, किती इंची, आणि ते कुठल्या पॅटर्नमध्ये मिळतं एवढं बघून ठेवा. ५×४.५ आणि ५×४.७५ मध्ये रिमांचा नुसता पूर आहे, ५×५ मध्ये पण बरे मिळतात, ५×५.५ मध्ये निवड कमी. ६×५.५ म्हटलं की फोर-बाय-फोरच्या थाटाचेच रिम जास्त दिसतात, पण ट्रकचा मूळ चेहरा ठेवायचा असेल तर मी सहा नटच ठेवेन, जुन्या सी-१० वर ते शोभतात राव.

मागचा एक्सल

सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे शाफ्ट बदलणे. सी-१० च्या बारा बोल्टवाल्या एक्सलला पाच स्टडांचे शाफ्ट तयार मिळतात. काम असं: ट्रक घोड्यांवर (स्टँडवर), मागचं कव्हर उघडून तेल काढायचं, डिफरन्शियलमधल्या आडव्या पिनचा लॉक बोल्ट काढून पिन बाहेर घ्यायची, शाफ्ट थोडा आत ढकलायचा, सी आकाराची क्लिप खाली पडते, शाफ्ट बाहेर येतो. पिन बाहेर असताना चाकाची बाजू फिरवू नका, नाहीतर आतले छोटे गिअर जागा सोडतात आणि मग ते परत बसवताना आई-बाबा आठवतात. शाफ्ट काढलाय तर सील नवीन टाकाच, आणि शाफ्टवर बेअरिंग जिथं फिरतं तिथं नख फिरवून बघा, खाच लागली तर तो शाफ्ट बाद. नवीन घ्यायच्या आधी जुन्याचे स्प्लाइन (आतल्या टोकाचे दाते) मोजा आणि लांबी टेपनं घ्या.

फोर्डच्या नऊ इंची एक्सलला क्लिप नसते, तिथं फ्लँजच्या (शाफ्टच्या टोकाची थाळी, जिच्यात स्टड असतात) भोकातून पाना घालून ब्रेक प्लेटमागचे चार नट काढले की शाफ्ट बेअरिंगसकट ओढून निघतो. डावा-उजवा शाफ्ट बहुतेक वेळा वेगवेगळ्या लांबीचा असतो, दोन्ही मोजा. करी, मोझर, स्ट्रेंज असे एक्सल बनवणारे या हाउसिंगसाठी एकाच फ्लँजवर ५×४.५ आणि ५×४.७५ अशी दोन्ही भोकं पाडून शाफ्ट देतात, म्हणजे पुढं विचार बदलला तर फक्त स्टड काढून दुसऱ्या भोकांत ठोकायचे. चुकलो, ठोकायचे नाहीत, प्रेसनं दाबायचे.

एफ-१०० ला पुढं क्राउन व्हिक घातलं असेल तर मागं फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल हा बरा सौदा आहे. १९९१ ते २००१ च्या गाड्यांतला तो आपसूकच ५×४.५ येतो आणि १९९५ पासूनच्याला डिस्क ब्रेक असतात. फक्त त्याचा पिनियन (प्रोपेलर शाफ्ट जिथं जोडतात ते टोक) मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो, तेवढं प्रोपेलर शाफ्टचं गणित बघून घ्या.

आहे त्याच फ्लँजला नवीन भोकं?

होतं, पण सगळीकडे नाही. पाचाचे पाचच ठेवायचे असतील, समजा ५×५.५ चं ५×४.५ करायचंय, तर नवीन भोकं जुन्या दोन भोकांच्या बरोबर मधे, म्हणजे ३६ अंश फिरवून पाडता येतात, आणि मधे भरपूर लोखंड उरतं. हे काम मिलिंग मशीनवर, शाफ्टच्या मध्याला धरून झालं पाहिजे. ड्रिल मशीन आणि पुठ्ठ्याचा टेम्प्लेट घेऊन करणारे पण आहेत, त्यांच्या गाडीत मी बसणार नाही. नऊ इंचीच्या फ्लँजला जे पाना घालायचं भोक असतं त्यावर नवीन भोक येत नाही ना ते बघा, आणि लहान वर्तुळाचं मोठं करायचं असेल तर फ्लँजच्या कडेला मालच उरत नाही, तो नाद सोडा.

सहाचे पाच मात्र होत नाहीत. का ते एकदा कागदावर काढून बघा. सहा भोकं ६० अंशांवर, पाच भोकं ७२ अंशांवर, कसंही फिरवलं तरी निदान एक जोडी सहा अंशांच्या आत येतेच. ६×५.५ वर ५×५ पाडायला गेलात तर तिथं दोन भोकांच्या मध्यांत साडेनऊ मिमीसुद्धा अंतर राहत नाही आणि भोकाचा व्यासच त्याहून मोठा, म्हणजे भोक भोकात घुसणार. जुनं भोक वेल्डिंगनं बुजवून देतो म्हणणारा भेटेल, त्याला नमस्कार करून निघा, चाकाचा सगळा भार त्या फ्लँजवर असतो.

ड्रम विसरू नका हं. शाफ्ट पाच नटांचा झाला आणि ड्रम सहाचाच राहिला असं बऱ्याचदा होतं. ड्रमच्या मधलं भोक पण शाफ्टच्या मधल्या गोल उंचवट्यावर घट्ट बसलं पाहिजे, नुसत्या स्टडांवर लटकलेला ड्रम चालताना थरथरतो.

पुढची बाजू

इथं काम तुलनेनं सोपं. डिस्क असेल तर पॅटर्न रोटरमध्ये किंवा हबमध्ये असतो, तो बदलला की झालं. सी-१० वाल्यांना तर दोन्हीकडून रस्ता आहे, पुढच्या डिस्कसाठी सहा स्टडांचे रोटर पण मिळतात, म्हणजे मागचा जुना ६×५.५ तसाच ठेवून पुढं डिस्क घालता येते. ज्यांना पाच हवेत ते १९७३ ते १९८७ च्या ट्रकचा अख्खा पुढचा क्रॉसमेंबर ब्रेकसकट उचलतात, ५×५ आपोआप येतो, मग मागं ५×५ चे शाफ्ट.

जुन्या पुढच्या ड्रमचे स्टड बदलताना एक लक्षात घ्या. बऱ्याच जुन्या हबांत स्टड आत घालून त्याची मान ठोकून पसरवलेली असते, त्यानंच हब आणि ड्रम एकत्र धरलेले असतात. तो सरळ प्रेसनं ढकलला तर पसरलेला भाग हबचं भोक फाडत बाहेर येतो आणि नवीन स्टड त्यात गरागरा फिरतो. आधी ती मान कटरनं छाटायची, मग ढकलायचा.

अडॅप्टर

अडॅप्टर म्हणजे हब आणि चाक यांच्या मधे घालायची जाड चकती, हबकडे एक पॅटर्न, चाकाकडे दुसरा. याला शिव्या घालणारे खूप आहेत. मी सरसकट घालणार नाही, पण हा शेवटचा उपाय. पॅटर्न बदलणारा अडॅप्टर निदान सव्वा इंच जाड लागतो, कारण आतले नट त्याच्या जाडीत बुडले पाहिजेत. ॲल्युमिनियम चांगल्या प्रतीचं, एकसंध तुकड्यातून कापलेलं, आणि मधलं भोक तुमच्या हबच्या गोलावर बरोबर बसणारं असावं. बसवल्यावर जुने स्टड अडॅप्टरच्या बाहेर डोकावत असतील तर चाक सपाट टेकत नाही, ते हातानं चाचपून बघा.

खरी अडचण त्याच्या जाडीची आहे, चाक तेवढंच बाहेर जातं. आठ इंची रिम, झिरो ऑफसेट (हबला टेकणारा भाग रिमच्या बरोबर मधे), तर कडेकडेची रुंदी साधारण नऊ इंच आणि बॅकस्पेसिंग, म्हणजे रिमच्या आतल्या कडेपासून त्या टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर, साडेचार. सव्वा इंची अडॅप्टर लावला की तेच सव्वातीन झालं. मागं, रुंद मडगार्डात, हे कधीकधी दिसायला छानच होतं. पुढं मात्र स्टिअरिंग खड्ड्यात हिसके मारायला लागतं, बेअरिंगवर लोड वाढतो आणि वळताना टायर मडगार्डला घासतो. त्यामुळं अडॅप्टर लावायचाच तर मागं लावा, आणि आतले नट अधूनमधून चाक काढून तपासायची तयारी ठेवा.

लांबट भोकांचे, दोन-तीन पॅटर्नला चालणारे रिम पण मिळतात. त्यांचे खास वॉशर असतात, ते बरोबर बाजूनं बसले तरच चाक मधोमध राहतं. मला स्वतःला त्यापेक्षा भोकं न पाडलेले कोरे रिम घेऊन पाहिजे त्या पॅटर्नला पाडून घेणं जास्त पटतं.

पॅटर्न जुळला, तरी बाकीचं बघा

पुढं क्राउन व्हिक आणि मागं एक्सप्लोरर, दोन्ही ५×४.५, म्हणजे चारही रिम सारखे? नाही. २००३ नंतरच्या क्राउन व्हिकला खूप जास्त पॉझिटिव्ह ऑफसेटचा (टेकणारा भाग बाहेरच्या कडेकडे सरकलेला) रिम लागतो, जुन्या धाटणीचा खोल रिम लावला तर तो मडगार्डच्या बाहेर येऊन उभा राहतो. पुढचा आणि मागचा हब फेस ते हब फेस मोजा, मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून हबपर्यंतचं अंतर घ्या, ट्रक त्याच्या चालत्या उंचीवर उभा असताना, आणि मगच रिमचा ऑफसेट ठरवा.

मधलं भोक: शेव्हीच्या ५×५ ला ७८.१ मिमी, एस-१० ला ७०.३, क्राउन व्हिकला ७०.५. ७०.३ चं भोक असलेला रिम ७०.५ वर जाणारच नाही. रिमचं भोक मोठं असेल तर रिंग टाकता येते, लहान असेल तर लेथवर मोठं करावं लागतं.

स्टड पण दोन्हीकडे एकाच मापाचे करून टाका. पुढं १२ मिमी दीड पिचचा (दोन आट्यांत दीड मिमी अंतर) आणि मागं अर्धा इंची, इंचाला वीस आट्यांचा, असं राहिलं तर रस्त्यात पंक्चर काढताना कुठला नट कुठला ते शोधत बसाल. जवळपासच्या मापाचा नट दोन फेरे जातो आणि मग आटे खातो. जुन्या डॉजच्या डाव्या बाजूला उलटे आटे असू शकतात, स्टडच्या टोकाला एल कोरलाय का बघा, उगाच जोर लावून तोडू नका.

नट निदान स्टडच्या जाडीइतका आत गेला पाहिजे, अर्धा इंची स्टडावर म्हणजे दहा पूर्ण फेरे, १२ मिमीवर आठ. कमी भरत असतील तर लांब स्टड घाला. नटाची बैठक पण रिमशी जुळली पाहिजे, ६० अंशांचा निमुळता नट, गोल बुडाचा नट आणि वॉशरवाला सरळ मानेचा नट हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नवीन रिमबरोबर नवीन नट घ्या, जुन्या लोखंडी रिमचे नट ॲल्युमिनियमला लावू नका.

शेवटी बसवताना हबचा आणि रिमचा टेकणारा भाग घासून साफ करा, तिथं रंगाचा जाड थर नको, रंग दबतो आणि नट ढिले होतात. सगळे नट हातानं लावून चाक सपाट टेकलंय का बघा, मग ताऱ्याच्या क्रमानं दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचनं आवळा. अर्धा इंची स्टडाला ७५ ते ८५ फूट-पाउंड हा नेहमीचा आकडा, पण रिमवाल्यानं दुसरा दिला असेल तर तो धरा. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) आणि रिममध्ये बोट जातंय का बघा. स्टेपनी पुढं आणि मागं दोन्हीकडे एकदा लावून बघा, कारण मागं ड्रमवर बसणारी १५ इंची स्टेपनी पुढच्या कॅलिपरला अडते असं होतं. नंतर ८० ते १६० किलोमीटर चालवून झाले की चाकं थंड असताना सगळे नट परत टॉर्क करा, अडॅप्टर असेल तर चाक उतरवून आतलेसुद्धा.